मधोमध ठेवलेला पाय

मित्रांनो, जुनी वस्तू बोलायला लागली की आधी एक उसासा सोडते, असा तुमचा अनुभव असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी चार बोटं जाडीची लोखंडी प्लेट आहे आणि माझं बहुतेक आयुष्य जमिनीत, लोकांच्या पायांखाली गेलं आहे. सध्या मी एका तपासणी केंद्राच्या मागच्या आवारात पाण्याच्या पिंपाखाली पडून आहे. पिंपाची तोटी ठिबकते, माझा एक कोपरा गंजतो आहे, आणि येणारेजाणारे माझ्या कडेला चिखलाचे बूट खरवडतात. माझी काही तक्रार नाही. मी काय केलं ते ऐकलंत, तर तुम्हीही खरवडाल.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. मला घडवणारा कारागीर जाड भिंगांचा चष्मा लावायचा आणि काम करताना स्वतःशीच पुटपुटायचा. त्याने माझ्या चार कोपऱ्यांखाली चार आखूड पाय बसवले आणि प्रत्येक पायात दाब ओळखणारा एक इवलासा तुकडा ठेवला. माझ्यावर काहीही टेकलं की ते चारही तुकडे तारेतून बातमी धाडायचे. किती जोराने टेकलं, नेमकं कुठे टेकलं, पुढे ढकललं की मागे, सगळं. पहिल्या दिवशी त्याने माझ्यावर वाळूची पोती रचली. मग ती उतरवून आपल्या शर्टाचं तुटलेलं बटण ठेवलं. मी बटणाचीही बातमी दिली. तो इतका खूश झाला, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाला, "बघ रे, हिच्यापासून काही लपायचं नाही." ते ऐकून मी जी फुगले, ती पुढे कित्येक वर्षं फुगलेलीच राहिले.

मला या केंद्रात आणलं आणि चाल तपासायच्या खोलीत बसवलं. खोली लांबट होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारा पावलांची. मधोमध एक खड्डा खणून त्यात मला ठेवलं आणि वरून फरशीच्याच रंगाचं राखाडी रबर पसरलं. एका टोकाला संगणकाचा पडदा आणि खुर्ची, दुसऱ्या टोकाला नातेवाइकांसाठी बाक. त्या खोलीचा एकच कडक नियम होता. पेशंटला माझा पत्ता लागू द्यायचा नाही. कारण माणसाला कळलं की अमुक जागी पाय टाकायचा आहे, की तो आपलं चालणं विसरून त्या जागेसाठी चालू लागतो. कुठे पाऊल ताणतो, कुठे आखडतं घेतो. मग ती त्याची चाल राहत नाही. हा नियम मोठ्या डॉक्टरांनी स्वतः घालून दिला होता, आणि नवीन माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी ते त्याच्याकडून तो तीनदा म्हणवून घेत.

तुम्ही दिवसभर चालता, मित्रांनो, पण चालताना काय करता हे तुम्हाला ठाऊक नसतं. मला असायचं. टाच टेकते तेव्हा तुम्ही नुसतं उभं असताना असता त्याहून जड होता. मग सगळं अंग त्या एका पायावरून कमान चढल्यासारखं वर जातं, आणि तिथे क्षणभर हलकं होतं. मग पंजा जमिनीला मागे लोटतो आणि तुम्ही पुन्हा जड होता. हे सगळं अर्ध्या-पाऊण सेकंदात उरकतं. पडद्यावर त्याची रेघ उमटते, दोन टेकड्या आणि मधे खळगा. ज्याचा पाय दुखतो तो टाच भीतभीत टेकवतो आणि पाय झटकन उचलतो. त्याच्या टेकड्या बसक्या दिसतात आणि रेघ आखूड पडते.

आमच्याकडे येणारे बरेचसे लोक कुठल्या ना कुठल्या कंपनीने पाठवलेले असत. कामावर पाय दुखावला, आता पूर्वीचं काम झेपत नाही, असं त्यांचं म्हणणं असे. ते खरं की सोंग, एवढंच आम्ही सांगायचं. मोठ्या डॉक्टरांची त्यासाठी एक पद्धत होती. दुखऱ्या पायाची सात पावलं घ्यायची आणि सातही रेघा एकावर एक ठेवायच्या. खरं दुखणं दर पावलाला सारखंच दुखतं, म्हणून रेघा जुळतात. सोंग करणारा मागचं पाऊल कसं टाकलं होतं ते विसरतो, म्हणून त्याच्या रेघा पसरतात.

आणि मी खरंच पकडायचे हो! एक गृहस्थ जाताना उजव्या पायाने लंगडले आणि येताना डाव्या. एक जण तर बाकावरून उठताना कळवळला आणि खिडकीतून आपली गाडी कोणी हलवताना दिसल्याबरोबर धावत सुटला. अशांचं पितळ उघडं पडलं की मला मनापासून आनंद व्हायचा. पाहुणे आले की डॉक्टर मला दाखवायचे, रबर उचलून थाप मारायचे. मापवाल्या ताई, म्हणजे पडद्यासमोर बसून रेघा नोंदवणाऱ्या बाई, रोज सकाळी माझ्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसायच्या. कोणी रडत खोलीबाहेर गेलं तर मला वाटायचं, गेला असेल खोटारडा. खरंच खोटारडा होता का, हे कोणी शोधायला गेलं नाही. मीही कधी त्याची फिकीर केली नाही.

असं चाललेलं असताना एके दिवशी दुपारी काटेवाला आला. एका गोदामात तो बावीस वर्षं कामाला होता. पोती उचलून वजनकाट्यावर ठेवायची, वजन झालं की तीच पोती पाठीवर घेऊन तिरप्या फळीवरून लॉरीत चढवायची, हे त्याचं काम. पोत्यांची थप्पी घसरून त्याच्या उजव्या गुडघ्यावर आली होती. आता त्याला फळी चढवत नव्हती. गेटवर बसून पावत्या तपासायचं काम मिळावं, एवढंच त्याचं मागणं होतं. कंपनीचा माणूस फाइल घेऊन सोबत आला होता. त्याला सगळे फाइलवाले साहेब म्हणत. आम्ही दुखणं खरं म्हटलं तर खुर्ची, नाहीतर पुन्हा फळी, असा सरळ मामला होता.

काटेवाल्याबरोबर त्याची बायकोही आली होती. ती एका शाळेत फरशा पुसायची. फाइलवाले साहेब डॉक्टरांकडे चहाला गेले, मापवाल्या ताई फोन आला म्हणून बाहेर गेल्या, आणि ती दोघं खोलीत दहा मिनिटं एकटी राहिली. पेशंटला एकटं सोडायचं नाही, हेही ताईंना शिकवलेलं होतं. पण फोन घरचा होता.

बाई बाकावर बसेचनात. त्यांची नजर फरशीवर फिरत होती. चालत चालत त्या माझ्यावर आल्या, थांबल्या, आणि टाच दोनदा आपटून पाहिली.

"अहो, इकडे या जरा. इथे चौकोन आहे."

"असू दे की. तुला कुठेही नेलं तरी फरशीच दिसते."

"जन्मभर फरशाच पुसतेय, मग काय झुंबर दिसणार? या तर! खाली पोकळ लागतंय. आणि ही वायर बघा, थेट त्या पडद्याकडे गेलीय."

काटेवाला लंगडत आला. गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय बाजूला पसरून कसाबसा खाली झुकला आणि बोटाच्या पेराने रबरावर टकटक केली. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. ओळखीचं माणूस भेटावं तसा.

"अगं, हा काटा आहे!"

"कसला काटा?"

"वजनकाटा. आपल्या गोदामात आहे तसलाच, फक्त जमिनीत पुरलाय. म्हणजे पायाचं वजन करतात हे लोक."

"मग त्याच्यावरच नीट पाय टाका बरं. उगाच बाजूला पडला तर पुन्हा बोलावतील. आणखी एक खाडा."

"मला शिकवतेस काट्याचं? माल कडेला टेकवला की वजन चुकतं. मधोमध ठेवायचा आणि भार पूर्ण सोडायचा."

"दुखेल ना पण."

"दुखू दे. वजन खरं आलं पाहिजे. तेवढ्यावरच तर आहे सगळं."

मित्रांनो, मी ओरडायला हवं होतं. मला तोंड नव्हतं हे खरं, पण त्या वेळी मला ओरडावंसं वाटलंही नाही, हे त्याहून खरं आहे. मी मनात म्हटलं, बघू या, हा कसा चालतो.

ताई आल्या आणि फेऱ्या सुरू झाल्या. काटेवाला त्या टोकाहून निघाला की चार पावलं आपली चालायचा. तिथे त्याचा गुडघा खरा होता, लंगडणं खरं होतं. मग त्याची नजर खाली जायची. माझ्या जवळ आला की तो पावलाचा अंदाज घ्यायचा. एकदा अंतर जास्त पडलं, तर त्याने दुखरा पाय लांब टाकून टाच दाणकन आपटली. दुसऱ्यांदा जवळ पडलं, तर अर्ध्या पावलाची उडी घेतली. तिसऱ्यांदा पाय बरोबर मधोमध आला, तेव्हा त्याने श्वास रोखून सगळा भार त्याच्यावर सोडला आणि माल स्थिर व्हावा तसा क्षणभर उभा राहिला. गुडघ्यातली कळ मला थरथरीतून कळत होती. चौथ्या फेरीला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाय त्याने कडेला जाऊ दिला नाही. प्रत्येक फेरीनंतर तो बायकोकडे बघायचा आणि ती मान डोलवायची.

एरवी दुखरा पाय आपसूक माझ्यावर पडावा म्हणून ताईंना वीस-पंचवीस फेऱ्या घ्याव्या लागत. निघायची जागा वीतभर पुढे, वीतभर मागे करावी लागे. इथे सात फेऱ्यांत सात पावलं मिळाली. ताईंच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण त्यांना घरी लवकर जायचं होतं.

"किती छान चाललात हो काका," त्या म्हणाल्या. "एकदाही चुकला नाहीत."

काटेवाला घाम पुसत हसला. "बावीस वर्षांचा हात आहे ताई. म्हणजे, आता पायच म्हणायचा."

मग मोठे डॉक्टर आले. त्यांनी सात रेघा एकावर एक ठेवल्या. एक टेकडी डोंगराएवढी, दुसरी चपटी, तिसरीचा माथा सपाट. सगळ्या सात वाटांनी गेलेल्या.

"हं," ते फाइलवाल्या साहेबांना म्हणाले. "दर पावलाला नवीन दुखणं. असं दुखणं नसतं."

"म्हणजे सोंग?"

"आम्ही सोंग लिहीत नाही. चालीतला फरक ऐच्छिक, शारीरिक कारण आढळत नाही, पूर्वीच्या कामास योग्य."

काटेवाल्याला शेवटचं तेवढं कळलं. तो उभा राहिला. "साहेब, म्हणजे पुन्हा फळी?"

"पाय ठीक आहे तुमचा. मशीन सांगतंय."

तेव्हा बाई बाकावरून उठल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट समजावणीचा होता. समोरच्याची काहीतरी छोटी चूक होते आहे, ती दाखवली की झालं, असा. "साहेब, पण ते अगदी बरोबर मधोमध ठेवत होते. मीच दाखवलं ना त्यांना, तो चौकोन कुठे आहे ते. सातही वेळा बरोबर ठेवला."

ताईंनी मान खाली घातली. मोठ्या डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्यावरच्या रबराकडे, मग पडद्यावरच्या सात रेघांकडे. मित्रांनो, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. माझ्यावर उभं राहून त्यांनी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं, ते मला समजलं. ज्यांनी तो नियम केला आणि नवीन माणसांकडून तीनदा म्हणवून घेतला, त्यांना कळणार नाही तर कोणाला कळणार? फाइलवाल्या साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "चौकोन कोणी दाखवला आणि कोणी नाही, याच्याशी मशीनला कर्तव्य नसतं." आणि त्यांनी सही केली.

जाताना काटेवाल्याने ताईंना नमस्कार केला. बाई मात्र दारात अडखळल्या. "मी काही चुकीचं बोलले का हो?" असं त्या नवऱ्याला विचारत होत्या. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात विद्यार्थ्यांचा घोळका आला. मोठ्या डॉक्टरांना नकला छान जमायच्या, आणि पेशंटांच्या चालींच्या नकला हा त्यांचा हातखंडा होता. त्या दिवशी त्यांनी काटेवाल्याची नक्कल केली. डोळे जमिनीवर रोखून, ओठ आवळून, पाय ताणून माझ्यावर धप्पकन टाकायचा. मुलं पोट धरधरून हसली. डॉक्टरांनी सात फेऱ्या मारून दाखवल्या. ताईंनी पडदा चालू ठेवला होता, आणि त्यावर सातही रेघा एकीवर एक अशा बसल्या की केसाचं अंतर नाही. म्हणजे आमच्या पद्धतीप्रमाणे खोलीत एकच माणूस खरा लंगडा होता, आणि तो पांढरा कोट घालून उभा होता. हसण्याच्या नादात पडद्याकडे कोणी पाहिलं नाही. ताईंनी पाहिलं. त्यांनी बटण दाबून त्या रेघा पुसून टाकल्या.

आठ महिने गेले. एका सकाळी त्या लांबट खोलीत पावलं वाजली आणि मी बुचकळ्यात पडले. डावा पाय ओळखीचा होता, थोडा बाहेर वळणारा, बोटांवर रेंगाळणारा. उजवा मात्र मला माहीत नव्हता. त्याच्यात थरथर नव्हती, ऊब नव्हती, टाच टेकताना कचरणं नव्हतं. तो काटेवालाच होता. फळीवर पोतं पाठीला असताना त्याचा गुडघा वळला होता, आणि तो फळी आणि लॉरी यांच्या मधल्या फटीत पडला होता. वरून पोतं आलं. पाय मांडीपासून काढावा लागला. आता बनवलेला नवीन पाय नीट बसला आहे का, हे पाहायला त्याला आमच्याकडे धाडलं होतं.

तो चालला. त्याची नजर समोर होती, जमिनीवर नव्हती. बनवलेला पाय काही विचार करत नाही, तो जसा एकदा पडतो तसाच सातदा पडतो. डॉक्टरांनी रेघा पाहिल्या.

"वा! याला म्हणतात चाल. एकसारखी, स्वच्छ."

"आणि गेटवरची जागा पण नक्की केली हं यांची," फाइलवाले साहेब आनंदाने म्हणाले. "खुर्ची, टेबल, पंखा. अगदी मागितली होती तशी."

"उपकार झाले साहेब," काटेवाला म्हणाला. तो हे मनापासून म्हणाला, आणि तेच मला सहन झालं नाही. मित्रांनो, इतकी वर्षं मी माणसांना तोलत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला माझीच शिसारी आली.

बाई बाकाच्या अगदी टोकाला बसल्या होत्या. या वेळी त्या जमिनीकडे बघत नव्हत्या, छताकडे बघत होत्या. सगळे डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी तेव्हा गप्प बसले असते तर?"

"खुळी आहेस. मला दिसलाच असता तो चौकोन."

"तुम्हाला नसता दिसला. तुम्ही कधी खाली बघता?"

काटेवाल्याने त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि ती दोघं गेली. नवा पाय टेकला की बाईंचे खांदे दचकून वर जात होते. दारापर्यंत मी ते पाहिलं.

त्यानंतर माझी रेघ डळमळू लागली. माझ्यावर काही नसतानाही मी वजन दाखवायचे. तंत्रज्ञ म्हणाले, तुकडे झिजले. असतील. मला उपटलं आणि माझ्या जागी नवी, पातळ, जास्त हुशार प्लेट बसवली. तिच्यावरही राखाडी रबर आहे, तिलाही थापा मिळतात. काल तिचं खोकं मागे आणून टाकलं, त्यावर लिहिलं होतं की ती अचूक आहे. मीसुद्धा अचूक होते. त्या सात पावलांत मी एक कणही चुकले नव्हते.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणी मापं घ्याल, कोणी सह्या कराल, कोणी नुसते बाकावर बसून बघाल. तुमच्यापुढे कोणी लंगडत आला, तर त्याच्या पायाच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघा. आणि जे कळलंय ते कळलं नाही असं दाखवू नका. वाटतं तितकं ते अवघड नसतं. त्या दुपारी काटेवाल्यानंतर दुसरा पेशंट नव्हता. त्या दोघांना एक कप चहा पाजून, निघायची जागा वीतभर सरकवून, समोरच्या भिंतीकडे बघत चाला असं सांगून पुन्हा सात पावलं घ्यायला अर्धा तास लागला असता.